खिचडीचे दोन दिवस

साखरेची तपासणी जवळ आली की आधीचे दोन दिवस मी मुगाची खिचडी खायचो, तीही रात्री आठच्या आत. तिसऱ्या दिवशी उपाशीपोटी रक्त दिलं की आकडा बरा यायचा. मग तिथून निघून थेट आलूबोंडा-कढी. सहा वर्षं हेच केलं. डॉक्टरांना चकवतोय याची गंमतही वाटायची.

माझं चांदूर रेल्वेत कृषी सेवा केंद्र आहे. दिवसभर खुर्ची, समोर गिऱ्हाईक, गालात तंबाखूचा खर्रा. तब्येतीबद्दल माझं मत पक्कं होतं: ती बापाकडून येते आणि डॉक्टरकडे सोपवायची असते. वडिलांना मधुमेह होता, मला होणारच होता. गोळी घेतली की माझं काम संपलं. ताटात दुसरी पुरणपोळी आली आणि घरच्यांनी डोळे वटारले की उत्तर तयार असायचं, "गोळी चालू आहे न!" २०२३ मध्ये आयसीएमआरच्या पाहणीत देशात १० कोटींवर मधुमेही निघाले, ते वाचून मला उलट धीर आला, एवढ्या लोकांत आपण एक. गुढीपाडव्याला सावंगा विठोबाच्या देवस्थानात जाऊन कापूर जाळायचो, मागणं एकच, साखर आटोक्यात राहू दे. म्हणजे साखर बापाची, डॉक्टरची, विठोबाची. माझी सोडून सगळ्यांची. सकाळी फिरायला जाणारे मला रिकामटेकडे वाटायचे.

मग एका नव्या डॉक्टरांनी एचबीए१सी करायला लावली. रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि तेवढ्या काळात साखर त्यांच्या हिमोग्लोबिनला चिकटत राहते. दोन-तीन महिन्यांची सगळी चुगली तिथं होते, खिचडीचं काही चालत नाही. आकडा आला ८.९. मधुमेहाची रेघ ६.५ वर असते.

तो कागद घेऊन दुकानात बसलो तर तो ओळखीचा वाटला. माती परीक्षणाचा अहवाल अगदी असाच असतो: एका रकान्यात आढळलेलं प्रमाण, शेजारी हवं ते. वीस वर्षं मी असे अहवाल शेतकऱ्यांना वाचून दाखवतोय. नत्र कमी निघालं म्हणून नुसता युरिया ओतू नका, शेणखतही घाला, असं सांगतोय. गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे लावा, रोज सकाळी पाहा. सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग आले की फवारणीचं बघा. आणि एखादा कंटाळून म्हणाला, "भाऊ, तुमीच द्या न काहीतरी औषध", तर मी चिडून म्हणायचो, "वावर तुमचं आहे की माझं?"

त्या दुपारी ते वाक्य माझ्याच अंगावर आलं. बराच वेळ गिऱ्हाईक नव्हतं, ते बरं झालं.

नंतर केलं ते फार मोठं नाही. रात्री जेवलो की स्टेशनपर्यंत जाऊन येतो. चालताना स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, हे घरच्या ग्लुकोमीटरवर डोळ्यांनी पाहिलं, तेव्हा पटलं. ज्वारीनं साखर वाढत नाही या भरवशावर मी तीन भाकरी खात होतो. तीन भाकरींनी ती वाढतेच. आता दीड, आणि भाजी वाटीभर जास्त. दोनच वेळा जेवायचं ते डॉ. जिचकारांनी सांगितलेलं आणि डॉ. दीक्षितांनी घरोघरी नेलेलं सूत्रही धरणार होतो. पण माझ्या गोळ्यांवर जेवण चुकलं तर साखर एकदम खाली जाऊ शकते, असं डॉक्टरांनी बजावलं. गोळी सुटलेली नाही. तिची सबब तेवढी सुटली.

याचा अर्थ आजारी माणसाला 'तुझीच चूक' म्हणायला मी मोकळा झालो, असं नाही. वडिलांचा वारसा खोटा नव्हता. आणि दिवसभर वाकून निंदण करणाऱ्या बाईला, चालायला जा, हे मी कोणत्या तोंडानं सांगू? तिला पोटभर जेवण आणि दुपारची सावली मिळाली तरी पुष्कळ. सबबी माझ्यासारख्या खुर्चीवाल्याच्या होत्या.

खर्रा अजून आहे. चारवरून एकावर आलोय, तो एक जात नाही.

गेल्या महिन्यात आकडा ७.२ आला. तपासणीच्या आदल्या रात्री घरात वरणफळं होती, आणि मी ती खाल्ली होती.