हजेरी घेताना अडकलेलं एक नाव

आमच्या शाळेतला नववीतला एक पोरगा रॅप करतो. गॅदरिंगमध्ये केला तेव्हा अर्ध्या स्टाफच्या कपाळावर आठ्या. मी टाळ्या वाजवल्या, म्हणून की काय, दुसऱ्या दिवशी त्याने मला व्हॉट्सअ‍ॅपवर एक लिंक पाठवली. खाली लिहिलेलं, 'मॅडम, ह्याची सुरुवात शाळेतच होते. ऐकाच.'

रात्री भांडी आवरून ऐकायला बसले. आधी शाळेची घंटा वाजते. मग सर हजेरी घेतात. पोरं एकेक करून ओ देतात. शेवटी सर लॉरिन हिल हे नाव पुकारतात. उत्तर नाही. परत पुकारतात, परत तेच. पोरगी गैरहजर. आणि अल्बम सुरू होतो तो त्याच पोरीचा.

मी तिथेच मोबाइल खाली ठेवला. का, ते पुढे सांगते.

अल्बमचं नाव 'द मिसएज्युकेशन ऑफ लॉरिन हिल'. २५ ऑगस्ट १९९८ ला आला. लॉरिन तेव्हा २३ वर्षांची. त्याआधी ती 'फ्यूजीज' या तिघांच्या हिप-हॉप ग्रुपमध्ये होती, दोन पुरुष आणि ही. 'फ्यूजीज' हे 'रेफ्युजी'वरून. दोघांचं मूळ हैतीचं, आणि निर्वासित म्हणून जी शिवी ऐकावी लागायची तीच त्यांनी ग्रुपचं नाव केली. १९९६ चा त्यांचा 'द स्कोअर' जगभर गाजला. मग लॉरिनने एकटीने केलेला हा पहिलाच अल्बम. फेब्रुवारी १९९९ मध्ये त्याला एका रात्रीत पाच ग्रॅमी मिळाले. त्यात वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचाही होता, आणि तो मान हिप-हॉपला पहिल्यांदाच मिळत होता.

पण ही बक्षिसांची पोस्ट नाही.

ऐन भरात असताना लॉरिनला दिवस गेले. मूल आत्ता नको, करिअरचा विचार कर, असं सांगणारे भोवती होतेच. तिने ऐकलं नाही. मुलाचं नाव ठेवलं झायन, आणि त्याच्यावर अल्बममध्ये अख्खं गाणं केलं, गिटार कार्लोस सांतानाची. इकडे असो की तिकडे, बाईच्या आयुष्याचं टाइमटेबल दुसरेच लावतात. हिने आपलं आपण लावलं, एवढंच.

अल्बमच्या नावामागे एक पुस्तक आहे. कार्टर वुडसन या कृष्णवर्णीय इतिहासकाराचं, १९३३ चं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की शाळा आमच्या पोरांना शिकवते खरी, पण त्यातून स्वतःला कमी लेखायलाच शिकवते. हे वाचताना आपल्याला जोतीराव आठवणार नाहीत तर कोण आठवणार? १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहून त्यांनी ती अर्पण केली अमेरिकेतल्या गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्या लोकांना. म्हणजे हा धागा आपल्याकडून तिकडे दीडशे वर्षांपूर्वीच गेलेला आहे.

आता मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट. गाण्यांच्या मधेमधे तोच वर्ग परत येतो. सर पोरांना विचारतात, प्रेम म्हणजे काय? पोरं हसतात, लाजतात, भांडतात, पण बोलतात. सर एकालाही गप्प बसवत नाहीत. ते सर म्हणजे रास बराका. खरोखरचे शिक्षक आणि कवी. २०१४ पासून ते न्यूअर्क शहराचे महापौर आहेत.

माझ्या वीस वर्षांच्या नोकरीत मी हा प्रश्न वर्गात एकदाही विचारलेला नाही. विचारला असता तर पालक शाळेत आले असते.

दोन वर्षांपूर्वी दहावीच्या वर्गात माझ्याही हजेरीत एक नाव अडकलं. पहिले दोन दिवस मी ते दोनदा पुकारलं. नंतर एकदाच. मग सवयीने लाल पेनाची खूण करून पुढच्या नावाकडे. पोरगी आजारी असेल, मामाकडे गेली असेल. पंधरा दिवसांनी मुलींकडूनच कळलं, लग्न झालं. फोनवर कुणाशी तरी बोलते असा घरच्यांना संशय आला, आणि पंधराव्या वर्षी उरकून टाकलं. वर्गातल्या निम्म्या मुलींना आधीपासून माहीत होतं. मला कुणी सांगितलं नाही. का सांगावं? त्या विषयावर बोलता येईल अशी बाई मी कधी नव्हतेच.

एक गोष्ट मात्र लपवत नाही. या अल्बमचीही हजेरी पूर्ण नाही. 'न्यू आर्क' नावाच्या चौघा संगीतकारांनी १९९८ मध्येच दावा लावला, की गाण्यांत आमचं काम आहे आणि श्रेय नीट दिलेलं नाही. २००१ मध्ये कोर्टाबाहेर तडजोड झाली. लॉरिन गैरहजर आणि तरी तिचं नाव पुकारलेलं. हे चौघे म्हणत होते, आम्ही हजर होतो पण आमचं नाव पुकारलं नाही. म्हणून अल्बम मला कमी आवडला असं नाही, फक्त तिला देवी करून ठेवायची गरज वाटत नाही. त्यानंतर तिने स्टुडिओत केलेला दुसरा सोलो अल्बम आजवर आलेला नाही. तरी सव्वीस वर्षांनी, २०२४ मध्ये, अ‍ॅपल म्युझिकने शंभर सर्वोत्तम अल्बमची यादी काढली तेव्हा पहिला नंबर याचाच.

तर माझ्या शिक्षक मित्रमैत्रिणींनो, सांगायचं एवढंच. या वर्षीपासून मी नियम केलाय. सलग तीन दिवस पोरगी आली नाही तर चौथ्या दिवशी घरी फोन, पाचव्या दिवशी मी स्वतः दारात. शंका आली तर १०९८ वर कळवायचं. गावात ग्रामसेवक हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात, त्यांना गाठायचं. वाईटपणा येतो. येऊ दे.

आणि शुक्रवारी शेवटच्या तासाला मी फळ्यावर तो प्रश्न लिहिला. प्रेम म्हणजे काय? पाच मिनिटं कुणी बोललं नाही. मग मागच्या बाकावरून तो रॅपवाला उठला. त्याच्या मागोमाग एक मुलगी. तास संपला तरी पोरं उठेनात.

पालक शाळेत येतील बहुतेक. येऊ देत, त्यांच्याशीही बोलू.