वहीचे पान आणि हवेचे बुडबुडे

छत्रपती शाहू महाराजांनी १८९५ मध्ये गुळाच्या व्यापारासाठी वसविलेल्या शाहूपुरीतील एका जैन घरात, आजोबांनी अखेरच्या वहीपूजनाला लिहिलेले ‘श्री’चे पान जपून ठेवले होते. घरी इपॉक्सी रेझिनच्या शोभेच्या वस्तू करणाऱ्या सुनेने ते पान रेझिनमध्ये बसविण्याचे योजिले. सासूबाई एवढेच म्हणाल्या, “आत गेलेलं पान पुन्हा बाहेर यायचं नाही. आधी दुसऱ्या कागदावर करून बघ.”

जुन्या वहीच्या रद्दी पानावरचा तो नमुना पार बिघडला. रेझिन आणि हार्डनर भरभर घोटले की ढवळण्यातूनच हवा आत शिरते. थंडीत द्रव दाट झाल्याने ती वर येत नाही. आणि सच्छिद्र कागद रेझिन शोषताना पोटातली हवा सोडत राहतो. तिन्ही कारणे एकत्र आली होती. शिवाय कागद पारदर्शक होऊन मागची अक्षरे पुढे दिसू लागली.

दुसऱ्या खेपेस बाटल्या कोमट पाण्यात ठेवल्या. प्रमाण मापाचे की वजनाचे, हे डब्यावर वाचून घेतले; व्यापाऱ्याच्या घरात एवढे तरी चुकू नये! कडा व तळ खरवडत मिश्रण तीन-चार मिनिटे संथपणे ढवळले. कागदाच्या दोन्ही बाजूंना आधी वार्निशचा फवारा देऊन तो वाळविला. मग ब्रशने रेझिनचा पातळ हात फिरविला. साच्यात प्लास्टर ओतण्यापूर्वी पहिला हात ब्रशने देतात, तो नक्षीच्या खाचांत हवा अडकू नये म्हणूनच. कुंभार गल्लीच्या शेजाऱ्यांना हे सांगायला नको. त्यावर बारीक धारेने जेमतेम तीन मिलिमीटरचा थर ओतला. वर आलेले बुडबुडे गॅसच्या ज्योतीने फोडले. ज्योत सतत फिरती हवी, रेंगाळली तर रेझिन पिवळे पडते.

हे सारे दिवसा केले आणि लगेच झाकण ठेवले. रात्री दिव्यापाशी येणारी चिलटे ओल्या रेझिनवर बसली की सुटत नाहीत. जीवदयेची ही बाब डब्यावर छापलेली नसते.

नमुना नितळ निघाला. सासूबाईंनी त्यावरून बोट फिरविले आणि विचारले, “यात कागद हाताला कुठे लागतो?”

सुनेने त्या पानाची रंगीत प्रत काढून रेझिनमध्ये बसविली. ती आता पेढीवर आहे. ‘श्री’च्या वेलांटीखाली मोहरीएवढा एक बुडबुडा राहिला आहे. मूळ पान तिजोरीत परत गेले. दिवाळीला ते पाटावर ठेवतात.