मराठीच्या वाटेनं स्पॅनिश

वडीगोद्रीच्या फाट्यावरून एक रस्ता धुळ्याकडं जातो, एक सोलापूरकडं आणि एक अंबडवरून जालन्याला. जगात कुठंही जायचं तर यातलाच एक धरावा लागतो. परदेशी भाषेकडं जायला मात्र आमच्या पोरांना आधी इंग्रजीच्या गावाला जावं लागतं, तिथं गाडी बदलावी लागते आणि मग पुढचा प्रवास सुरू होतो. माझी भाची मोबाइलवरच्या धड्यांतून स्पॅनिश शिकते. तिचा हा फेरा पाहिला की मनापासून वाटतं, हिला इथूनच सरळ जाणारा रस्ता आहे, तो कुणीतरी दाखवायला हवा.

तिचे धडे इंग्रजीतून आहेत. आवडीनिवडीच्या धड्याशी ती अडली. म्हणाली, "मामा, इंग्रजीत 'आय लाइक' म्हणतेत. इथं 'मे गुस्ता ला नारान्हा' लिहिलंय. मग 'मी' कुठं गेला?"

मी म्हटलं, "इंग्रजी जरा बाजूला ठेव. तुला मोसंबी आवडते, हे आजीला कसं सांगशील?"

"मला मोसंबी आवडते."

"यात तरी 'मी' कुठंय?"

तिच्या चेहऱ्यावर जे उजाडलं, ते पाहूनच मला हे सगळं लिहावंसं वाटलं.

मोसंबी ही शास्त्राप्रमाणं गोड संत्र्याचीच जात, म्हणून तिला तिकडं 'नारान्हा'च म्हणायचं. 'मे' म्हणजे मला, 'गुस्ता' म्हणजे आवडते. एकाहून जास्त असल्या तर 'मे गुस्तान लास नारान्हास', मला मोसंब्या आवडतात. क्रियापद मोसंबीच्या मागं जातं, माझ्या मागं येत नाही. इंग्रजीत आवडणं ही माणसानं करायची गोष्ट आहे. मराठीत आणि स्पॅनिशमध्ये वस्तू आपण होऊन माणसाला आवडते, माणूस फक्त 'मला' म्हणून बाजूला उभा असतो. इंग्रजीतून येणाऱ्यांना हे वळण फार दिवस जड जातं. आम्हाला ते बोलायला लागलो तेव्हाच मिळालेलं आहे. आणि ही एकाच क्रियापदाची गोष्ट नाही. 'मे पारेसे' म्हणजे मला वाटतं. 'मे दुएलेन लोस पिएस' म्हणजे माझे पाय दुखतात, आणि पाय दोन म्हणून तिथंही क्रियापद अनेकवचनी. दिवसभर उसाच्या फडात राबलेली बाई संध्याकाळी जे वाक्य बोलते, त्याचीच घडण सातासमुद्रापलीकडची बाई वापरते, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

याहून मला भावलेली रचना आहे 'से मे कायो'. पेला पडला की स्पॅनिश माणूस 'से मे कायो एल बासो' म्हणतो. आपण म्हणतो, माझ्या हातून पेला पडला. घटना घडली, ती माझ्याशी जोडलेली आहे, पण मी ती करायला गेलो नव्हतो, एवढं सगळं त्या लहानशा 'मे'मध्ये बसतं. विसरण्याचंही तसंच. 'से मे ओल्बिदो' म्हणजे माझ्याकडून राहून गेलं. ही नाजूक वाक्यं 'आय फरगॉट' या दोन शब्दांवरून शिकवायची म्हणजे त्यांचा जीवच काढून घ्यायचा.

उच्चारांत तर आपला हात कुणी धरू नये. स्पॅनिशचे स्वर मुख्यतः पाच, आ ए इ ओ उ, आणि ते जसे लिहावे तसेच बोलले जातात. 'त' आणि 'द' दातांवरचे, आपल्यासारखेच. 'तू' हा शब्द तर उच्चार आणि अर्थ दोन्हींनी जसाच्या तसा आपला 'तू' आहे. इंग्रजीच्या सवयीनं शिकणारी मुलं त्याचा 'टू' करतात. म्हणून माझा आग्रह आहे की पहिले काही महिने वही देवनागरीत ठेवावी. 'पेरो' म्हणजे पण, 'पेर्रो' म्हणजे कुत्रा. हा 'र' आणि 'र्र'मधला फरक आपली लिपी डोळ्यांना लगेच दाखवते. परकी लिपी आणि परका उच्चार यांचं ओझं एकाच वेळी उचलायचं कारण नाही, एक आधी अंगवळणी पडू द्यावं.

शब्दांचं घेऊ. जायकवाडीच्या डाव्या कालव्यानं या पट्ट्यात ऊस आणला, जिल्ह्यात मोसंबीच्या बागा आहेत, परसात वांगी आहेत. साखरेला स्पॅनिशमध्ये 'आसूकार' म्हणतात, वांग्याला 'बेरेनहेना', निळीला 'आन्यील', कापराला 'आल्कान्फोर'. हे सगळे शब्द आपल्याकडून गेलेले आहेत. शर्करा, नारंग, वातिंगण, नील, कर्पूर ही नावं इराणी आणि अरब व्यापाऱ्यांच्या तोंडी बदलत बदलत पश्चिमेला पोहोचली. 711 मध्ये अरबी फौजा स्पेनमध्ये उतरल्या, मुस्लिम सत्ता दक्षिणेत 1492 पर्यंत टिकली, आणि त्या शतकांत ऊस, आंबट नारिंगं आणि वांगी तिथल्या मळ्यांत रुजली. पीक गेलं तसं नावही गेलं. उलट बाजूनं पोर्तुगीजांनी आपल्या घरात 'चावी' आणली, 'पगार' आणला, दाराची 'बिजागरी' आणली. त्यांची स्पॅनिश भावंडं 'यावे', 'पागार', 'बिसाग्रा'. स्पॅनिशमध्ये 'पागार' म्हणजे पैसे देणं. कारखान्यावरच्या माणसाला हा शब्द पाठ करायला सांगायची गरजच नाही.

सगळंच असं सोपं आहे असं मात्र मी भाचीला सांगितलेलं नाही. आपल्या एका 'आहे'साठी त्यांच्याकडं दोन क्रियापदं आहेत, 'सेर' आणि 'एस्तार'. मोसंबी गोड असते, हा तिचा स्वभाव, तिथं 'सेर'. ही मोसंबी अजून हिरवी आहे, ही तिची आजची अवस्था, तिथं 'एस्तार'. आपल्या 'असते' आणि 'आहे'नं थोडं अंतर चालून जाता येतं, पण सगळं नाही. 'मी शेतकरी आहे' यात आपण 'आहे' म्हणतो आणि तिकडं 'सेर' लागतं. 'मी शेतात आहे' म्हटलं की पुन्हा 'एस्तार'. हे सरावानंच येतं. लिंगांचंही तसंच, तिकडं नपुंसकलिंगी नामं नाहीत, आणि जी दोन लिंगं उरली ती आपल्याशी जुळतीलच असं नाही. चंद्र त्यांच्याकडं बाई आहे. नदी पुरुष आहे, 'एल रिओ'. शहागडच्या पुलावरून दिसणाऱ्या आमच्या गोदामाईला 'एल रिओ गोदावरी' म्हणायचं, हे भाचीला अजिबात पटत नाही. मी तिला समजावत नाही. भाषा शिकताना असे एक-दोन सल मनात राहिलेले चांगले, त्यामुळं आपली आणि त्यांची भाषा वेगवेगळी जिवंत राहते.

अहो-जाहोचा भाग आपल्याला आयता मिळतो. 'तू' आणि 'उस्तेद', म्हणजे तू आणि तुम्ही. कोलंबियाच्या काही भागांत तर घरातल्या घरात, आईबाप मुलांशीसुद्धा 'उस्तेद' बोलतात. मेक्सिकोत वडीलधाऱ्यानं हाक मारली की 'मांदे?' असं उत्तर देतात. मूळ अर्थ आज्ञा करा. आमच्याकडची जुनी माणसं 'जी?' म्हणायची, त्याच सुरातलं.

मेक्सिकोचं नाव निघालं की मला पांडुरंग सदाशिव खानखोजे आठवतात. जन्म 1884 चा, वर्ध्याचा. स्वातंत्र्यासाठी देश सोडून अमेरिकेत गेले, तिथं शेतीशास्त्र शिकले, गदर चळवळीत उतरले, पहिल्या महायुद्धाच्या काळात इराणपर्यंत झुंजले, आणि 1924 मध्ये मेक्सिकोत पोहोचले. चापिंगोच्या राष्ट्रीय कृषिविद्यालयात ते प्राध्यापक झाले. मक्यावर संशोधन केलं, आणि गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. त्या शाळांचं नाव 'एस्कुएलास लिब्रेस दे आग्रिकुल्तुरा'. दिएगो रिवेरानं मेक्सिकोच्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतींवर रंगवलेल्या चित्रांपैकी एकात जेवणाच्या मेजाशी अन्न वाटणारा जो माणूस आहे, तो म्हणजे खानखोजे. ते स्वातंत्र्यानंतर परतले आणि 1967 मध्ये नागपूरला वारले. 2022 मध्ये चापिंगोच्या विद्यापीठात त्यांचा पुतळा बसला. मक्याची भाकरी खाणाऱ्या त्या शेतकऱ्यांशी बी, माती, पाणी यांबद्दल बोलायचं तर ते स्पॅनिशमधूनच बोलायला हवं होतं. वऱ्हाडाच्या शेजारचा हा माणूस शेताच्या बांधावरून त्या भाषेत उतरला, हे मला फार मोलाचं वाटतं.

आज शिकायच्या सोयी आहेत. पुण्यात विद्यापीठाचा परकीय भाषांचा विभाग रानडे इन्स्टिट्यूटमध्ये स्पॅनिश शिकवतो, दिल्लीत स्पेन सरकारची इन्स्तितूतो सेर्वांतेस ही संस्था आहे. वीस देशांची ही अधिकृत भाषा, तिच्यावर पोट भरणारी मराठी मुलंमुली आहेत. पण अंबड तालुक्यातल्या मुलीच्या हातात मराठीतून लिहिलेलं, मराठीच्या व्याकरणावर उभं केलेलं एक पातळसं पुस्तक पडावं, अशी माझी फार इच्छा आहे. त्यात विमानतळ आणि हॉटेल तिसऱ्या-चौथ्या धड्यात आलं तरी चालेल. पहिल्या धड्यात स्वयंपाकघर असावं, दुखणंखुपणं असावं, बाजारातला भाव असावा, आणि 'मे गुस्ता'च्या शेजारी मोठ्या अक्षरांत 'मला आवडते' छापलेलं असावं.

अशा पुस्तकाचा शेवटचा धडा कोणता, हेही माझ्या मनात ठरलेलं आहे. ज्या क्रियारूपाला इंग्रजीतून शिकणारे सगळ्यात जास्त घाबरतात, ते इच्छेचं रूप. 'किएरो के बेंगास', म्हणजे तू यावंस असं मला वाटतं. तिथंही शेवटी 'स', इथंही शेवटी 'स'. आणि 'ओहाला युएवा', म्हणजे पाऊस पडो. 'ओहाला' हा शब्द अरबीतून आलेला, देवाची इच्छा असेल तर, या अर्थाचा. आमच्या आठवडी बाजारातल्या 'इन्शाल्ला'चा तो लांबचा भाऊ लागतो. पडो, होवो, यावंस, पडावा ही रूपं आमची म्हातारी माणसं श्वासागणिक वापरतात. मृगाच्या तोंडावर तर दुसरं काही बोलणंच नसतं. भाचीनं हे वाक्य वहीत देवनागरीत उतरवलंय, आणि आता तिला पेरणी, बहार आणि कालव्याचं आवर्तन यांची स्पॅनिश वाक्यं हवी आहेत. तिच्या धड्यांत ती नाहीत, म्हणून आम्ही दोघं मिळून ती बनवतोय.