थोडें आणि थोडेंच

संस्कृत शिकविण्यांत माझा जन्म गेला. इंग्रजी मात्र मॅट्रिकपुरतेंच. तरी एका जुन्या विद्यार्थ्यानें ग्रंथालयांतील जागेसाठीं शिफारसपत्र मागितलें, तेव्हां मीं तें हौसेनें इंग्रजींत लिहिलें. त्याला संस्कृताचें थोडें ज्ञान आहे व त्यानें कांहीं काव्यें वाचलीं आहेत, एवढेंच सांगावयाचें होतें. म्हणून ‘लिट्ल नॉलेज’ आणि ‘फ्यू पोएम्स’ असें लिहून पत्र त्याच्या हातीं दिलें.

आठ दिवसांनीं कच्चा खर्डा सूनबाईंच्या दृष्टीस पडला. “मामंजी,” ती संकोचून म्हणाली, “दोन्हीं ठिकाणीं ‘अ’ राहिला कीं हो!”

‘अ लिट्ल’ म्हणजे थोडेंसें. नुसतें ‘लिट्ल’ म्हणजे थोडेंच, जवळजवळ नाहींच. ‘अ फ्यू’ व ‘फ्यू’ यांचेंही तसेंच. मात्र हे मोजतां येणाऱ्या वस्तूंना लागतात, ‘लिट्ल’ न मोजतां येणाऱ्यांना. मराठींत ‘च’ जोडल्यानें जें उणावतें, तें इंग्रजींत ‘अ’ गाळल्यानें उणावतें. ‘किंचित्’ आणि ‘न किंचित्’ यांतील ‘न’ मुलांकडून घोटून घेणाऱ्या मला हें एक अक्षर दिसूं नये!

नवें पत्र लिहून मीं तसाच त्याचें घर गांठलें. पहिलें पत्र त्यानें कोठें दिलेंच नव्हतें. घडी करून पेटींत ठेवलें होतें.

“गुरुजी, आपलेंच मत तसें, मग अर्ज कशाला करावा, असें वाटलें,” तो खालीं पाहत म्हणाला.

अर्जाची मुदत आदल्याच दिवशीं संपली होती.