खिडकीवरची घोंगडी

पहाटे सव्वाचारला मला जाग येते. गजर लागत नाही. जुन्नर तालुक्यातल्या आमच्या गावी या गोष्टीचं कौतुक होतं. शेजारचे म्हणायचे, नानांच्या खोकल्यावर घड्याळ लावावं. रात्रीची लाईट असली की विहिरीवर जाऊन मोटार चालू करायची, धार काढायची, दूध डेअरीला घालायचं, आणि मग लोक उठून चूळ भरायला लागायचे. दिवस उगवल्यावर उठणारा माणूस आळशी, असं माझं साधं गणित. पुण्यात ते चुकलं.

२०२३ च्या दिवाळीनंतर आम्ही दोघं धायरीला मुलाकडे राहायला आलो. नात तिसरीत, नातू तीन वर्षांचा. सूनबाईचं काम संगणकावरचं आणि अमेरिकेच्या घड्याळावर चालणारं. ती लॅपटॉप मिटायची तेव्हा रात्रीचा एक वाजलेला असायचा. आणि नातू पावणेपाचला टक्क जागा. उठून नुसता बसला तर ठीक, पण तो आईच्या अंगावर चढायचा, तिच्या पापण्या बोटांनी उघडायचा. "आई, उजाडलं." बाहेर मिट्ट काळोख.

महिनाभर मी म्हणत होतो, पोरगं आजोबावर गेलंय. मला तर आनंदच होता. मी त्याला उचलून गॅलरीत न्यायचो, चांदण्या दाखवायचो, दूध द्यायचो. सूनबाई काही बोलायची नाही. एक दिवस भाजी चिरता चिरता ती ओट्याला टेकून उभ्याउभ्या पेंगली आणि विळी पायावर पडता पडता राहिली. संध्याकाळी आमच्या हिनं मला गॅलरीत बोलावलं आणि हळू आवाजात म्हणाली, "अहो, पोराला तुम्हीच उठवताय."

मी चिडलो. मी कशाला उठवतोय? मी तर पाय न वाजवता चालतो. दुसऱ्या दिवशी पहाटे मुद्दाम स्वतःवर कान ठेवला, तेव्हा कळलं. बाथरूमची कडी. स्टीलची बादली फरशीवर. नळाखाली तांब्या. चूळ भरताना घसा खाकरणं, जे आमच्याकडं अर्ध्या वस्तीला ऐकू जातं. आणि शेवटी चहाचं आलं. ते मी खलबत्त्यात कुटायचो, पहाटे पावणेपाचला, नातवाच्या खोलीच्या भिंतीला लागून असलेल्या ओट्यावर.

पण एक गोष्ट समजत नव्हती. आमच्या लहानपणी घरात याहून मोठा आवाज असायचा. आई पहाटे जात्यावर बसायची. घरघर अशी की जमीन हलायची, वर तिच्या ओव्या. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपलेलो असायचो आणि पिठाची धूळ केसांत पडायची. तिथं कुणी उठायचं नाही. उलट जातं थांबलं की जाग यायची. अशा लाखाहून जास्त ओव्या पुढे हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी पुण्याच्या आजूबाजूच्या गावांतून, मावळातून आणि पुढे राज्यभरातून गोळा केल्या. त्या कुणी लिहून ठेवाव्यात असं आमच्या आईला कधी वाटलं नसतं. आम्हाला तर ते झोपेतलं ऐकणं होतं.

मुलांच्या डॉक्टरांना हे विचारलं तेव्हा ते हसले. म्हणाले, नाना, एकसारखा आवाज झोपवतो, मधूनच आलेला उठवतो. पहाटेची झोप मुळातच सावध असते. रात्री दहाला बादली आपटली तर पोर कूस बदलणार नाही, पहाटे चमचा पडला तरी उठून बसेल. मग त्यांनी एका कागदावर हिशेब मांडला. या वयाच्या मुलाला दिवसरात्र मिळून १० ते १३ तास झोप लागते. आमचा नातू रात्री दहाला झोपून पावणेपाचला उठत होता, म्हणजे पावणेसात तास. दुपारी मात्र दोन ते पाच असा गाढ झोपायचा. रात्रीची झोप पोरगं दुपारी वसूल करत होतं, आणि दुपारी झोपलं म्हणून रात्री दहापर्यंत नाचत होतं.

डॉक्टरकडे जायच्या आधी आम्ही आमचं डोकं चालवलंच होतं. उशिरा झोपवलं तर उशिरा उठेल, हे कुणालाही सुचेल. चार दिवस त्याला अकरापर्यंत जागं ठेवलं. तर पठ्ठ्या साडेचारलाच उठला, वर दिवसभर किरकिर. डॉक्टर म्हणाले, फार दमलेल्या मुलाची झोप नीट लागत नाही, ते आणखी लवकर उठतं. हे ऐकून मला आमचा बैल आठवला. दिवसभर जास्त औत ओढून आलेलं जनावर दावणीला लगेच बसत नाही, वैरणीला तोंडही लावत नाही. हे मला बैलाचं ठाऊक होतं, नातवाचं ठाऊक नव्हतं.

मग घरात नवा कायदा आला. दुपारची झोप दीड तास, तीनच्या आत उठवायचं. रात्री पोटभर वरणभात, साडेआठला दिवा बंद. पंखा हळू फिरत ठेवायचा, तेच आमचं जातं. पहाटे जागा झालाच तर दिवा लावायचा नाही, गप्पा नाहीत, दूध नाही. पाच वाजता दूध मिळतं हे एकदा पोटाला कळलं की पोटच पाचला उठवतं. म्हणजे मी महिनाभर चांदण्या दाखवून आणि दूध पाजून त्याला पाचचा शेतकरी करत होतो.

राहिली खिडकी. खोली पूर्वेची, पडदा पातळ. पुण्यात जानेवारीत सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो, पण मे महिन्यात सहालाच हजर होतो आणि त्याच्या आधी अर्धा तास फटफटलेलं असतं. बाजारात जाड पडदे मिळतात, दोन हजारांच्या पुढे. मी गावाहून आणलेली काळी घोंगडी काढली आणि खिळे ठोकून खिडकीवर टांगली. मुलगा म्हणाला, "नाना, कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का?" मी म्हटलं, आपल्याला तांबडं थांबवायचं नाही, फक्त कोंबड्याला दिसू द्यायचं नाही.

आणि मी काय केलं? काही नाही. तेच अवघड होतं. जाग सव्वाचारलाच यायची. पण उठून बसायचं, पाणीसुद्धा रात्रीच उशाशी भरून ठेवलेलं प्यायचं, आणि सहापर्यंत कशालाही हात लावायचा नाही. आंघोळ सात वाजता. आलं रात्रीच किसून ठेवलेलं. एकदा वाटलं, पहाटे गारठा वाढतो, पोराचं पांघरूण सरकलं असेल, म्हणून दार ढकललं. दार कुरकुरलं आणि तो उठला. सूनबाई झोपेतच म्हणाली, "नाना, बघायला येऊ नका ना." पुढे त्याला जाड बंडी घातली आणि मी माझे पाय बांधून ठेवले.

तीन आठवड्यांनी तो सहा वाजता उठायला लागला. मग सव्वासहा.

पण तेवढ्यानं भागत नव्हतं, कारण नातीची शाळा सकाळी सात दहाची. तिची बस साडेसहाला, म्हणजे तिला साडेपाचला उठवायचं. त्या पोरीला उठवणं हा एक सोहळाच असायचा. मुलगा तिला बसवायचा, ती परत कलंडायची. डोळे मिटलेले असतानाच वेणी, डोळे मिटलेले असतानाच दुधाचा घोट. आमची जिल्हा परिषदेची शाळा साडेदहाला भरायची, उन्हाळ्यात तेवढी सकाळची असायची. आम्हाला पहाटे उठवलं ते कामानं, शाळेनं नाही.

अशाच एका सकाळी बस गेल्यावर मुलगा पायरीवर बसला होता. मी सहज म्हणालो, "तू असा नव्हतास. एका हाकेत उठायचास."

तो म्हणाला, "हाकेत नाही नाना. पाण्यानं."

खरं होतं. चौथीच्या स्कॉलरशिपच्या वर्षी मी त्याला साडेचारला उठवायचो, गार पाण्याचा हात तोंडावर फिरवून. पहाटेचा अभ्यास डोक्यात बसतो, असं मास्तर सांगायचे आणि मलाही पटायचं. त्या वेळी लाईट सारखी जायची, म्हणून चिमणी लावून द्यायचो आणि गोठ्यात जायचो. त्याच्या मनगटावर वाटाण्याएवढा डाग आहे. चिमणीला हात लागला, असं त्यानं तेव्हा सांगितलं होतं. त्या पायरीवर तीस वर्षांनी त्यानं खरं सांगितलं. तो पुस्तकावर झोपला होता आणि हात चिमणीवर पडला होता. चटका बसला तेव्हाही पहिली भीती वाटली ती भाजल्याची नाही, झोपलेला पकडलो जाऊ याची. स्कॉलरशिप मिळाली नाही. मी त्याला म्हणालो होतो, अजून अर्धा तास आधी उठला असतास तर.

मी काही बोललो नाही. बोलण्यासारखं सापडलं नाही.

त्याच सुमाराला शाळेच्या वेळेची चर्चा सुरू झाली होती. डिसेंबर २०२३ मध्ये तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस म्हणाले की मुलांची झोप होत नाही, शाळांच्या वेळा बदलण्याचा विचार करा. ८ फेब्रुवारी २०२४ ला सरकारचा निर्णय निघाला, की पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. मी आयुष्यात पहिल्यांदा शासन निर्णय नीट वाचला. बिबट्याच्या नुकसानभरपाईचा कागदसुद्धा मी इतका बारकाईनं वाचला नव्हता. बसवाले नाराज, दोन पाळ्यांच्या शाळा अडचणीत, नोकरीवाले आईबाप विचारत होते की नऊला पोराला कोण सोडणार. प्रश्न खोटे नव्हते. सोसायटीत एकजण म्हणाला, अशानं पिढी आळशी होईल. वर्षभरापूर्वी हेच वाक्य मी बोललो असतो.

जूनपासून नातीची शाळा नऊ दहाची झाली. आता बस ऑफिसच्या गर्दीत अडकते आणि पोरगी घरी यायला चार वाजतात, हे तोटे आहेतच. पुढल्या वर्षी पाचवीला ती परत सकाळच्या पाळीत जाणार, तेव्हा पुन्हा साडेपाच. पण सध्या ती आपोआप उठते, आणि उठल्यावर बोलते. सकाळी ही मुलगी बोलते, हे आम्हाला नव्यानं कळलं.

गेल्या डिसेंबरातला रविवार. सात वाजून गेले होते. मी अंधारात बाहेरच्या खुर्चीवर बसलो होतो, घसा दाबून. घोंगडीला कसर लागून एक भोक पडलंय. उघड्या दारातून दिसत होतं, त्यातून उन्हाचा एक ठिपका समोरच्या भिंतीवर आला होता. मुलगा डोळे चोळत आला. "उठला नाही अजून?" मी मान हलवली. तो आत गेला, पोराशेजारी आडवा झाला आणि पाचच मिनिटांत घोरायला लागला. मनगटावरचा डाग वर होता.

मी उठलो, दार हळूच लोटून घेतलं, आणि चहा ठेवला नाही.