२० एप्रिल, सन ३

०३/०४/२०२३ म्हणजे आपल्याकडे तीन एप्रिल. अमेरिकेतल्या क्लायंटला तेच चार मार्च वाटतं. आणि आर लँग्वेजला? फॉरमॅट न सांगता ही स्ट्रिंग 'अ‍ॅझ डेट'ला देऊन बघा. उत्तर येतं २० एप्रिल, सन ३!

गंमत नाही मंडळी, खरंच. आर आपणहून आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असंच वाचतं. त्यामुळे ०३ झालं वर्ष, ०४ महिना आणि २०२३ मधलं पहिलं २० झालं दिवस. उरलेलं २३ गुपचूप सोडून दिलं. एरर नाही, वॉर्निंग नाही.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे बाबांची वही. रिटायर झाल्यापासून ते रोज बीपी मोजून लिहितात: तारीख, वेळ, वरचं, खालचं. डॉक्टरांना दाखवायला त्याचा ग्राफ करू म्हटलं आणि बसलो टाइप करत.

तारीख नुसती स्ट्रिंग म्हणून ठेवली तरी ग्राफ निघतो, पण शब्दकोशासारखा. सगळ्या महिन्यांच्या एक तारखा आधी, मग सगळ्या दोन तारखा... शिवाय प्रत्येक नोंदीला सारखीच जागा, मध्ये एक दिवस गेलेला असो की महिना. म्हणून फॉरमॅट स्पष्ट सांगायचा: टक्का-स्मॉल डी, टक्का-स्मॉल एम, टक्का-कॅपिटल वाय. एम मात्र स्मॉलच हवा, कॅपिटल एम म्हणजे मिनिटं.

वेळेचा घोळ वेगळाच. 'सात दहा पीएम'ला चोवीस तासांचा कॅपिटल एच लावला, तर आर सात दहा वाचतं आणि पीएम सोडून देतं. म्हणजे संध्याकाळचं बीपी सकाळच्या खात्यात जमा! तिथे कॅपिटल आय आणि सोबत टक्का-पी लागतो. टाइमझोनही 'एशिया/कोलकाता' असा लिहूनच टाकावा, नाहीतर कधीतरी साडेपाच तासांचा फरक हमखास छळतो.

एवढं झाल्यावर ठिपके नीट मांडले गेले, आणि मधोमध एक मोकळी जागा दिसली. १९ दिवस एकही ठिपका नाही. स्ट्रिंगवाल्या ग्राफमध्ये ती दिसलीच नसती. बाबांना फोन केला.

"अरे, तेव्हा आई अ‍ॅडमिट होती ना. माझं कुठे मोजत बसू?"

मी तेव्हा ऑनसाइट होतो. "मी बरा आहे, तू काळजी करू नकोस," असं ते रोज फोनवर सांगायचे. त्या मोकळ्या जागेवरून रेघ ओढली नाही मी. ठिपकेच ठेवले, आणि डॉक्टरांसाठी खाली कारणही लिहिलं.

असो. तारखा बदलून झाल्या की ग्राफच्या आधी तीन गोष्टी बघायच्या: सगळ्यात पहिली तारीख, सगळ्यात शेवटची, आणि किती नोंदी 'एनए' झाल्या. सन ३ तिथेच सापडतं. आणि मध्ये कुठे जागा रिकामी दिसली, तर ती भरायच्या आधी घरी एक फोन करा.