फिरलेली साक्ष

मत बदलणाऱ्या माणसाचा मला आयुष्यभर तिटकारा होता. नापसंती म्हटलं तर ऐकायला बरं वाटेल, पण तिटकारा हाच शब्द खरा. रत्नागिरीच्या कोर्टात दिवाणी दावे चालवण्यात माझी हयात गेली. सामाईक जमीन, बांधाचा तंटा, पायवाटेची वहिवाट, कलमांच्या बागेतला हिस्सा, या विषयांचा दुष्काळ कोकणातल्या वकिलाला कधी पडत नाही. या धंद्यात एक गोष्ट लवकर अंगात मुरते. उलटतपासात साक्षीदार आधीच्या जबानीपासून जरा हलला की त्याला तिथेच धरायचं. हलला तो खोटा. कोर्टापुरतं हे चालून जातं. मी ते घरी घेऊन आलो.

आमच्या घरी टिळक पंचांग चालतं. माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. राशिचक्राची मोजणी कोणत्या ताऱ्याच्या आधाराने सुरू करायची, हा जुना वाद आहे. केरो लक्ष्मण छत्रे यांच्या गणिताने निघालेल्या पटवर्धनी पंचांगाने रेवती नक्षत्रातला एक मंद तारा आरंभ मानला. पुढे लोकमान्यांनी हाच पक्ष उचलून धरला. बहुतेक इतर पंचांगं चित्रेच्या आधाराने चालतात. दोन्ही आरंभांत सुमारे ४ अंशांचा फरक आहे, म्हणजे सूर्याचं राशीत जाणं साधारण ४ दिवस मागेपुढे होतं. एखादी अमावास्या नेमकी त्या ४ दिवसांत सापडली की अधिक महिना वेगळा निघतो, आणि एकाच गावातल्या दोन घरांत गणपती महिन्याच्या अंतराने येतात. लोकमान्य जन्मले ते आमच्या टिळक आळीत. त्यामुळे इथे काही घरांत हे पंचांग पाळणं म्हणजे निव्वळ गणित राहत नाही, त्यात घराण्याचा मान येतो.

धाकट्या भावाने वेगळं घर बांधलं आणि काही वर्षांनी पंचांग बदललं. मी त्याला कारण विचारलं नाही. "अण्णांनी जन्मभर पाळलं ते तू सोडलंस," एवढंच बोललो आणि त्याच्या गणपतीला जाणं बंद केलं. लोकांनी विचारलं तर प्रकृतीचं निमित्त सांगायचो. म्हणजे मत बदलणाऱ्याला खोटा ठरवणारा मी, स्वतः दरवर्षी खोटं बोलत होतो.

त्याची मुलगी मात्र आमच्याकडे येत राहिली. ती पुण्यात भौतिकशास्त्र शिकते. नाताळच्या सुट्टीत आली होती. रात्री लाईट गेले म्हणून आम्ही खळ्यात बसलो होतो. दक्षिणेला अगस्त्य वर आला होता. त्याच्या उजव्या हाताची रिकामी जागा दाखवून ती म्हणाली, "काका, तिथे एक तारा आहे. डोळ्यांनी दिसत नाही. नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या सगळ्यात मंद ताऱ्यापेक्षा जवळजवळ दहा हजारपट मंद. त्याचा एक दावा आहे. मालकीचा नाही, मूळ गावाचा. चालवता?"

मूळ गाव कुठलं, हा तर आम्हा कोकण्यांचा पहिला प्रश्न. म्हटलं, चालव.

तिने सांगितलेली हकीकत अशी. २००५ साली हाइन्झ एडेलमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या ताऱ्याचा वेग जाहीर केला. यादीतलं त्याचं नाव एचई ०४३७-५४३९. तो सेकंदाला ७२३ किलोमीटर वेगाने आपल्यापासून दूर पळतोय. रोह्यापासून ठोकूरपर्यंतची कोकण रेल्वे जवळजवळ अख्खी, एका सेकंदात. आपल्या आकाशगंगेचं गुरुत्वाकर्षण अशा ताऱ्याला धरून ठेवू शकत नाही. तो सुमारे २ लाख प्रकाशवर्षांवर, आकाशगंगेच्या पार बाहेरच्या काठाला आहे आणि परत येणार नाही.

एवढा वेग कुठून आला? याचं उत्तर जॅक हिल्स यांनी १९८८ मध्येच कागदावर मांडून ठेवलं होतं. एकमेकांभोवती फिरणाऱ्या ताऱ्यांची जोडी महाकाय कृष्णविवराच्या फार जवळ गेली, तर एक तारा तिथे अडकतो आणि दुसरा प्रचंड वेगाने बाहेर भिरकावला जातो. असा पहिला तारा वॉरन ब्राउन यांच्या गटाला सापडला, तोही २००५ सालीच. आपल्या आकाशगंगेच्या मध्यभागी तसं कृष्णविवर आहे. मग हा ताराही तिथलाच, असं म्हणून मोकळं व्हायला काय हरकत होती?

"हरकत वयाची," पुतणी म्हणाली. "तारा सूर्याच्या आठ-नऊपट वजनाचा. असे तारे लवकर जळून संपतात. याचं वय फार तर २-३ कोटी वर्षं. आणि मध्यापासून इथवर यायला त्याला लागली असती १० कोटी."

मी खुर्चीत पुढे सरकलो. जन्माच्या आधीच घरातून निघालेला इसम! अशी जबानी मी दोन प्रश्नांत उडवली असती. दुसरी बाजू होती शेजारच्या एका छोट्या दीर्घिकेची, मोठ्या मॅगेलन मेघाची. ती या ताऱ्याला पुष्कळ जवळ. २००८ मध्ये ताऱ्याच्या प्रकाशावरून त्याच्यातल्या मूलद्रव्यांचं प्रमाण काढलं, तेही त्या मेघातल्या ताऱ्यांशी जुळलं. मी निकाल देऊन टाकला. तारा बाहेरचा, दुसऱ्या दीर्घिकेतला.

"थांबा," ती म्हणाली. "२०१० मध्ये निकाल फिरला." हबल दुर्बिणीने साडेतीन वर्षांच्या अंतराने घेतलेली छायाचित्रं ताडून पाहिली. तारा आकाशात किंचित सरकला होता आणि त्याची वाट मागे नेली तर ती आपल्याच आकाशगंगेच्या मध्याकडे जात होती. मग वयाचं काय? त्याचीही जुळणी झाली. मुळात तीन तारे असावेत, एक कृष्णविवराने ठेवून घेतला, उरलेली जोडी पळाली आणि वाटेत एकमेकांत मिसळून नव्याने तरुण झाली.

मी मोठ्याने हसलो. "साक्षीदार पढवलेला दिसतोय. अडचण आली की नवी गोष्ट."

"आणि २०१८ मध्ये पुन्हा फिरला," ती शांतपणे म्हणाली. युरोपच्या गाइया यानाने ताऱ्यांच्या स्थानांची आणि हालचालींची फार बारीक मोजमापं प्रसिद्ध केली. त्यांत आकाशगंगेच्या मध्याचा दावा टिकला नाही. पुढच्या वर्षी डेनिस एर्कल आणि सहकाऱ्यांनी त्या मेघाची स्वतःची चालही हिशेबात धरून गणित मांडलं. हा तारा सुमारे २ कोटी १० लाख वर्षांपूर्वी मोठ्या मॅगेलन मेघाच्या मध्यभागातून फेकला गेला होता. वयही बसलं, वाटही बसली.

मला वाटलं, आता ही माझ्या तावडीत आली. म्हटलं, "बघ. तेरा वर्षांत दोनदा पलटी. याला तुम्ही शास्त्र म्हणता?"

ती चिडली नाही. मोबाईलवर एक शोधनिबंध उघडून तिने माझ्या हातात दिला. इंग्रजी गणित मला काय कळणार? तिने एकाच ठिकाणी बोट ठेवलं. एक आकडा होता आणि त्याच्या पुढे अधिक-उण्याचं चिन्ह घालून दुसरा आकडा. "हा दुसरा आकडा म्हणजे आम्ही किती चुकू शकतो ते," ती म्हणाली. "हबलवाल्यांनीही लिहिला होता. प्रत्येक मापाबरोबर लिहावाच लागतो. ते खोटं बोलले नव्हते, काका. त्यांची फूटपट्टी तेवढी बारीक नव्हती, आणि नाही हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं."

मी ते चिन्ह बराच वेळ बघत राहिलो. लाईट आले, ती आत गेली, मी तिथेच बसून होतो. माझ्या वकिलीत किती साक्षीदार आले असतील! कोणी शपथेवर सांगितलं, कोणी देवाची आण घेऊन, कोणी छातीवर हात ठेवून. "मी सांगतो ते खरं, पण इतकं इतकं चुकू शकतं," असं सांगणारा एकही आठवेना. असा कोणी आला असता तर मी काय केलं असतं, हेही मला पक्कं माहीत होतं. त्याच वाक्याला धरून त्याला फाडलं असतं. मी आयुष्यभर ठामपणाला खरेपणा समजलो, आणि प्रामाणिक शंकेची किंमत शून्य लावली.

त्याहून झोंबलं ते वेगळंच. दिवाणी प्रक्रिया संहितेत आदेश ४७ आहे. योग्य ती काळजी घेऊनही आधी हाती न आलेला महत्त्वाचा पुरावा नंतर सापडला, तर त्याच न्यायालयाला स्वतःच्या निर्णयाचा फेरविचार करता येतो. अशिलांसाठी मी असे अर्ज केलेले आहेत. न्यायाधीशाने आपला निकाल बदलावा म्हणून हात जोडून युक्तिवाद केला आहे. जी सवलत कायद्याने न्यायाधीशाला दिली, ती मी पाठच्या भावाला दिली नाही.

सकाळी चहाला मी पुतणीला विचारलं, "तुझ्या बापाने पंचांग का बदललं गं?" ती चकित झाली. "तुम्हाला माहीत नाही? मला आणि दादाला सुट्टी सगळ्यांच्या गणपतीलाच मिळते ना. बाबा म्हणाले, पोरं नसताना रिकाम्या घरात देव कुणासाठी बसवू?" हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. विचारलं नव्हतं ते फक्त मी.

नंतर मी थोडं वाचलं. ज्या ताऱ्यांना मी अढळपणाचे साक्षीदार मानत होतो, ते तरी कुठे अढळ आहेत? एडमंड हॅली यांनी १७१८ मध्येच दाखवून दिलं होतं की व्याध, स्वाती, रोहिणी हे तारे ग्रीकांनी नोंदलेल्या जागेवरून सरकले आहेत. ज्ञानेश्वरी १२९० मध्ये सांगून झाली, तेव्हापासून आजवर स्वाती आकाशात जवळजवळ पूर्ण चंद्राच्या रुंदीएवढी सरकली आहे. आणि परंपरेचं म्हणावं, तर नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० मध्ये ग्रहलाघव लिहिताना कुठल्याही एका जुन्या सिद्धांताला कवटाळलं नाही. ज्या ग्रहाचं गणित ज्या ग्रंथावरून आकाशाशी जुळेल, ते त्या ग्रंथावरून घेतलं, आणि जुळत नव्हतं तिथे दुरुस्ती केली. दापोलीजवळच्या मुरुडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास १८९६ चा. त्यात अशा दुरुस्त्या पानोपानी भेटतात. म्हणजे ज्या परंपरेचं वकीलपत्र मी न मागता घेतलं होतं, ती मुळात दुरुस्तीचीच परंपरा होती. वकिलाने कागद न वाचताच उभं राहावं, तसं माझं झालं होतं.

त्या ताऱ्याच्या फिरलेल्या साक्षीतून पुढे निघालेली गोष्टही सांगायला हवी. तो मेघाच्या मध्यातून फेकला गेला असेल, तर फेकणारं कृष्णविवर तिथे असायला हवं. २०२५ मध्ये जिवॉन हान आणि सहकाऱ्यांनी अशा अनेक पळत्या ताऱ्यांच्या वाटा तपासल्या. त्यांतले सुमारे निम्मे त्या मेघातून आलेले निघाले, आणि त्यावरून तिथे सूर्याच्या सुमारे ६ लाखपट वजनाचं कृष्णविवर असावं असा निष्कर्ष त्यांनी काढला. २०१० च्या निकालालाच सगळे चिकटून बसले असते, तर हा माग कोणी काढलाच नसता.

पंचांग मी बदललेलं नाही. आमचा गणपती रेवतीच्या हिशेबानेच येतो. पण दोन चतुर्थ्या वेगळ्या येतात त्या वर्षी आता मी भावाकडेही जातो, दोनदा मोदक खातो. त्याची माफी मी मागितली. तो म्हणाला, "दादा, असू दे." ते ऐकून मला हलकं वाटलं नाही. मधली वर्षं कुठल्याही अर्जाने परत मिळत नाहीत.

तुमच्या माहितीतल्या कोणी मत बदललं असेल, तर निकाल देण्याआधी त्याला कारण विचारा. मी विचारलं नव्हतं.